सुकडीचा घास कुठून आला?

आज बचतीचा हिशेब नाही की कर्जाचे हप्ते नाहीत. आज एका डब्याची गोष्ट सांगते, आणि त्या निमित्ताने थोडा इतिहास.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आधी गावातल्या सहा-सात मुली माझ्याकडे आल्या. टिटवाळ्याहून लोकल पकडून कल्याणला कॉलेजात जाणाऱ्या. दूरदेशी लढाईत आणि दुष्काळात सापडलेल्या उपाशी मुलांचे फोटो त्यांनी मोबाइलवर पाहिले होते. म्हणाल्या, "ताई, गटाच्या बैठकीत आम्हाला दहा मिनिटं द्या. घरोघरी डबा फिरवून त्या मुलांसाठी वर्गणी काढायचीय."

दहा मिनिटं दिली, आणि वाद तासभर चालला. तिथे तीन प्रश्न आले. एक, आपलंच पुरत नाही तर लांबच्यांना कुठून द्यायचं? १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली. तो जव्हार तालुका तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. घरची भूक सोडून परदेशात कशाला? दुसरा, आपल्या दहा-वीस रुपयांनी जगाची भूक भागणार आहे का? आणि तिसरा सगळ्यात टोकदार, हिशेब कोण देणार? पूर्वी एक मंडळ पूरग्रस्तांच्या नावाने आमच्याकडून पैसे घेऊन गेलं होतं. ना पावती, ना पुढे कधी निरोप.

खरं सांगते, मलाही उत्तर सुचत नव्हतं. मुलींचे चेहरे उतरले. तेवढ्यात मागे बसलेल्या आमच्या एक आजी बोलल्या. त्या मूळच्या नगरकडच्या, बहात्तरच्या दुष्काळानंतर पोटासाठी इकडे आलेल्या. म्हणाल्या, "खडी फोडायला जायचो तेव्हा पोरांना सुकडी मिळायची. लाल मिलोची भाकरी खाल्ली आम्ही. ती मिलो काय आपल्या रानात पिकली होती?"

बैठक गप्प झाली. घरी आल्यावर मी पुस्तकं काढली. बी.ए.ला इतिहास होता, पण सुकडी मी त्या नजरेने कधी वाचली नव्हती.

पहिला प्रश्न घेऊ. ज्याचं स्वतःचं भागत नाही त्याने दुसऱ्याला द्यावं का? १९४३ साली बंगालमध्ये मोठा दुष्काळ पडला. युद्ध चालू होतं. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता, आदल्या वर्षी किनाऱ्यावर वादळ होऊन गेलं होतं आणि भाव आभाळाला भिडले होते. साधारण तीस लाख माणसं गेली असं अनेक अभ्यासक मानतात. बंगालपासून मुंबई किती लांब! तरी मुंबईच्या कामगार वस्त्यांत त्या लोकांसाठी पैसे जमले. बंगालमधून तरुण कलावंतांची पथकं आली आणि गाणी, नाटकं करून त्यांनी मदत गोळा केली. आपल्या अण्णाभाऊ साठ्यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा लिहिला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा अण्णाभाऊ चोविशीचे होते. वाटेगावहून मुंबईला चालत आलेल्या घरातला मुलगा, शाळा जवळपास नाहीच, गिरणीत राबलेला. त्याच्याकडे द्यायला काय होतं? आवाज होता, तो त्याने दिला. आणि ऐकणारे तरी कोण? चाळीतले, झोपडीतले. उपाशी राहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच दुष्काळात शांतिनिकेतनात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. दारावर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सिगारेटचा एक डबा भरून तांदूळ द्यायची परवानगी त्याला आजोबांनी दिली होती. तो मुलगा म्हणजे अमर्त्य सेन. पुढे त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

दुसरा प्रश्न, एवढ्याशा पैशाने काय होतं? शंभरएक वर्षांपूर्वी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे असत. लोक दुष्काळाने आणि बेकारीने पिचले होते, हातांना धंदा हवा होता. लोकमान्य टिळकांनी या फंडाला बळ दिलं. पैसा-पैसा जमवून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे तरुण मुलं काचकाम शिकली आणि हा धंदा इतर ठिकाणीही घेऊन गेली. आपण दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकतो, त्यामागचा विचार हाच की नाही?

बंगालच्या दुष्काळाचा एक धागा तर थेट परदेशातल्या मुलांपर्यंत जातो. तिथे मदतकार्याचे आयुक्त होते बिनय रंजन सेन. ते दृश्य ज्याने पाहिलं तो विसरेल कसा? १९५६ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे प्रमुख झाले आणि १९६० साली त्यांनी भुकेपासून मुक्तीची जगभरची मोहीम सुरू केली. त्या दशकात इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेतली शाळा-कॉलेजातली मुलं भुकेल्यांसाठी पैसे जमवायला चालायला लागली. रीत साधी होती. मुलाने शेजाऱ्याकडे जायचं आणि विचारायचं, मी चाललो तर मैलामागे किती द्याल? कुणी चार आणे म्हणे, कुणी रुपया. मग पोरं वीस-पंचवीस मैल चालत. वाटेत ठिकठिकाणी त्यांच्या कार्डावर शिक्का पडे आणि त्या कार्डावर वसुली होई. कॅनडात १९६७ साली असे मोठे मोर्चेच निघाले. पंढरीच्या वारीला चालणाऱ्या आपल्या लोकांना याचं नवल वाटायला नको. पायांना फोड आले की हेतू मनात पक्का होतो.

आणि त्या कार्डात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. जेवढे मैल चाललात तेवढा शिक्का, जेवढा शिक्का तेवढे पैसे. हिशेब आधीपासूनच ठरलेला. विश्वास भाषणाने बसत नाही, तो कागदावर बसतो. पासबुक आणि नोंदवही सांभाळणाऱ्या आपल्या बायकांना हे कुणी शिकवायला नको.

आता आजींच्या सुकडीकडे येऊ. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी कामं निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं त्या कामांवर होती आणि त्यात बायकांची संख्या मोठी होती. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते. मुलांसाठी सुकडी होती, आणि ती बनवण्यात देश-परदेशातून आलेल्या देणग्यांचाही हातभार होता. मिलो ही लाल ज्वारी परदेशातून आली होती. आजींच्या मुलाच्या तोंडी गेलेला घास कुणाच्या पैशाचा, हे त्यांना कधीच कळलं नाही. देणाऱ्यालाही कळलं नाही की तो घास कुणी खाल्ला. पण खाणारा मुलगा वाचला. आज तो नातवंडं खेळवतो.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच राहील. अमर्त्य सेन मोठे झाले आणि त्यांनी बंगालचे आकडे तपासले. त्यांनी दाखवलं की तेव्हा बंगालमधलं धान्य काही संपलेलं नव्हतं. भाव चढले, मजुरी तिथेच राहिली आणि शेतमजूर, कोळी अशा हातावर पोट असणाऱ्यांना तांदूळ विकत घेता येईना. म्हणजे धान्य होतं, हातात पैसा नव्हता. डबाभर तांदूळ आजचा दिवस काढतो. उद्यासाठी काम आणि मजुरी लागते.

आपल्या महाराष्ट्राने बहात्तरच्या दुष्काळातून हेच उचललं. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ पासून नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, आणि तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या चाकरमान्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर आजही तो दिसतो. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून त्यात माफी आहे. त्या गर्दीत लोंबकळणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा कर दूरवरच्या बाईच्या हाताला काम मिळावं म्हणून बसला होता? ही वर्गणीच होती, फक्त कायद्याने पक्की केलेली. पुढे २००५ साली देशभरासाठी तसा कायदा झाला.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मग बायकांनीच अटी घातल्या. डब्याला कुलूप, किल्ली आजींकडे. प्रत्येक घराची नोंद वहीत, दिलेले पाच रुपये असले तरी. पैसे नोंदणी असलेल्या संस्थेलाच आणि बँकेतूनच जातील, पावती सगळ्यांसमोर वाचायची. आणि शेवटची अट पहिला प्रश्न विचारणाऱ्या वहिनींनी घातली. ज्या दारात डबा न्याल, तिथे रेशनकार्डाची अडचण आहे का, हेही विचारायचं.

पाडव्याला मुली फिरल्या. ३,१४० रुपये जमले. जगाच्या भुकेपुढे काहीच नाही. पण वहीत आणखी एक यादी तयार झाली. नऊ घरं निघाली, जिथे सुनेचं किंवा मुलाचं नाव कार्डावर चढलेलंच नव्हतं. आपल्याच गावात, आपल्या नाकासमोर. सहा जणांची नावं आता चढली आहेत, तिघांचे कागद अजून अडकलेत. मुली सोडायला तयार नाहीत.

तुमच्याही दारात असा डबा आला तर हाकलू नका. पावती मागा, हिशेब मागा, आणि डबा आणणाऱ्या पोरीला आत बोलावून पाणी द्या. बसा दोन मिनिटं तिच्याशी बोलत.