पातं परदेशी, मूठ आपली

ऑगस्ट २०२५मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार मुंबईत आली. लंडनच्या लिलावात महाराष्ट्र सरकारनं ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली होती. बातम्यांमध्ये बंगालच्या स्वाऱ्या होत्या, मुठीवरचं सोन्याचं नक्षीकाम होतं, मिरवणूक होती. मी मात्र अडकलो ते पात्यावरच्या देवनागरी अक्षरांपाशी. तिथं श्रीमंत राघोजी भोसले, सेनासाहेब सुभा यांचं नाव आहे आणि शेवटी एक साधासा शब्द आहे: फिरंग.

म्हणजे पातं फिरंग्यांचं आहे हे मालकानं लपवलं नाही, उलट नावासह कोरून ठेवलं. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून युरोपातली पाती आपल्या किनाऱ्यावर उतरत. सरळ, लांब, लवचीक, उत्तम पोलादाची. त्यांना मागणी होती ती पात्यापुरतीच. युरोपातली मूठ तिथल्या तलवारबाजीसाठी, बोटं पुढं घालून भोसकण्यासाठी घडवलेली असे. घोड्यावरून वार करणाऱ्या मराठी हाताला ती काय कामाची? म्हणून मूठ इथल्या कारागिराची. रुंद परज, बोटांवर येणारी पट्टी, हाताच्या आत कापडाची गादी, आणि खाली एक लांब खुंटी, दोन्ही हातांनी वार करायचा झाला तर दुसऱ्या हाताला धरायला. आपल्याकडं पात्याचा शेपटा बहुतेक वेळा मुठीच्या पोकळीत राळेनं किंवा लाखेनं बसवत. ऊब दिली की सुटतो, नवी मूठ बसते. एका पात्याला आयुष्यात दोन-तीन मुठी मिळणं त्यामुळं अवघड नव्हतं.

बाजारात मिळालेलं हत्यार जसंच्या तसं न वापरता आपल्या हातासाठी बदलून घ्यायचं, हा उद्योग महाराष्ट्रात इतका जुना आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला दिली गेलेली, आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली ‘जगदंबा’ही याच जातीची. पातं युरोपचं, मूठ इकडची.

त्याच कोल्हापूरची राही सरनोबत. (आडनाव पाहा. सरनोबत म्हणजे सैन्याचा सेनापती.) २०१३मध्ये कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषकात तिनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. पुढं कोपराच्या दुखापतीनं ती मागं पडली, आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला थायलंडच्या स्पर्धकाशी ३४ गुणांवर बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद घेतलं होतं, तिच्यानंतर कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ऑलिंपिक कांस्य. ते दोघं रायफलचे. रायफलला खांदा असतो, गाल टेकायला दस्ता असतो. पिस्तुलाला फक्त एक हात, तोही सरळ ताणलेला. शरीर आणि यंत्र यांची भेट एकाच ठिकाणी होते: मुठीत.

आज आंतरराष्ट्रीय फायरिंग लाइनवर दिसणारी पिस्तुलं बहुतेक इटलीची पार्दिनी, स्वित्झर्लंडची मोरिनी, ऑस्ट्रियाची श्टायर, जर्मनीची वाल्थर किंवा फाइनवेर्कबाउ. यंत्र तिकडचंच, अजूनही. कारखान्यातून अक्रोडाच्या लाकडाची मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, उजवी किंवा डावी. मग नेमबाज कानस आणि सँडपेपर घेऊन बसतो. जिथं टोचतं तिथं घासायचं, जिथं पोकळी राहते तिथं लाकडाचं पुटिंग भरायचं, ओलं असतानाच हात दाबून ठसा घ्यायचा, वाळलं की पुन्हा घासायचं. तळव्याखाली एक सरकती फळी असते, ती वरखाली करून हात घट्ट पण न आवळता बसेल अशी लावायची. एवढ्यानं भागलं नाही तर जर्मनीतल्या रिंक किंवा निल यांच्यासारख्या, मुठींसाठीच नाव कमावलेल्या कारागिरांकडं हाताचं माप पाठवायचं.

मूठ बसली की नाही याची परीक्षा फुकट आहे. डोळे मिटायचे, हात उचलायचा, नेहमीसारखा स्थिरावू द्यायचा आणि डोळे उघडायचे. पुढची माशी मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये दिसली तर मूठ तुमची. ती डावीकडं पळालेली दिसली तर प्रत्येक नेमाला मनगट तिला ओढून मध्ये आणणार. एअर पिस्तुलाच्या सामन्यात ७५ मिनिटांत ६० नेम असतात. चाळिसाव्या नेमापर्यंत मनगट थकतं, आणि थकलेलं मनगट नेमकं चाप ओढतानाच सोडून देतं.

माशी एवढी महत्त्वाची का, हे साध्या त्रैराशिकानं कळतं. एअर पिस्तुलावर माशी आणि खाच यांच्यात साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं, लक्ष्य दहा मीटरवर. खाचेत माशी एक मिलिमीटर बाजूला गेली तर छर्रा लक्ष्यावर सुमारे तीस मिलिमीटर बाजूला पडतो. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं. तीस मिलिमीटरवर सातच गुण मिळतात. याउलट माशी आणि खाच जुळलेली असताना अख्खा हातच पाच मिलिमीटर सरकला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो आणि दहा गुण शाबूत राहतात. हात थरथरला तर चालतं, मनगट मुरडलं तर नाही. नवशिक्याला हे पटत नाही. तो थरथर थांबवायला नळीखाली वजनं लावत सुटतो.

वजनांना अर्थ नाही असं नाही. पुढं जड असलेलं पिस्तूल हळू हलतं, बार झाल्यावर कमी उसळतं. पण ते ताणलेल्या हाताच्या टोकाला तोलायचं असतं, आणि चाळीस ग्रॅमची फुशारकी शेवटच्या दहा नेमांत वसूल होते. चापाची गोष्ट अधिक नाजूक. चांगला चाप दोन टप्प्यांत ओढला जातो: पहिला मऊ, मग एक स्पष्ट अडथळा, आणि त्यानंतर काचेची काडी मोडावी तसा सुटणारा दुसरा. दोन टप्प्यांत भार कसा वाटायचा, चापाची पट्टी बोटापासून किती लांब ठेवायची, सुटल्यानंतर तो किती पुढं सरकू द्यायचा, हे सगळं स्क्रूंवर बदलता येतं. म्हणूनच ते सतत बदलत बसण्याचा मोह होतो. माझ्या मते चापाचा स्क्रू एकदा लावून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा आणि महिनाभर पेचकस घरात ठेवू नये.

हिंगोलीहून वाशिमकडं जाताना कनेरगाव नाका लागतो. पैनगंगेच्या अलीकडं निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडं इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. १८५३पासून ही अशीच हद्द. संस्थानाची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत, आणि हद्दीवरच्या नाक्यावर गाठोडं सोडून दाखवावं लागे. आज तिथं हिंगोली जिल्हा संपून वाशिम जिल्हा लागतो, एवढंच. गावाच्या नावात मात्र नाका राहिला.

नेमबाजीत असा नाका सामन्याच्या आधी असतो. त्याला इक्विपमेंट कंट्रोल म्हणतात. टेबलावर ठरावीक मापाची पेटी: एअर पिस्तुलासाठी ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटर, २५ मीटरच्या पिस्तुलासाठी ३०० बाय १५० बाय ५०. पिस्तूल त्यात न दाबता बसलं पाहिजे. एअर पिस्तूल दीड किलोच्या आत, २५ मीटरचं १४०० ग्रॅमच्या आत. मग पिस्तूल उभं धरून चापाला वजन टांगतात: एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम, दुसऱ्याला १००० ग्रॅम. वजन उचललं जाऊनही चाप सुटता कामा नये. मुठीनं मनगटाला टेकू दिलेला चालत नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे.

यातला जवळपास प्रत्येक नियम कुणाच्या तरी कल्पकतेचं थडगं आहे. १९५०च्या दशकात सोव्हिएत कारागिरांनी रॅपिड फायरसाठी उलटं पिस्तूल बनवलं. नळी हाताच्या वर नाही, खाली. धक्का मनगटाच्या रेषेत आला की तोंड वर उसळत नाही, पुढच्या लक्ष्यावर लगेच जाता येतं. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकनंतर ते टिकलं नाही, त्यावर बंदी आली. नळीचा मध्य अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या खोबणीच्या वर हवा, हे कलम आजही नियमात आहे. त्यानंतर रॅपिड फायरवाले .२२ शॉर्ट या मवाळ काडतुसाकडं वळले, मूठ अख्ख्या हाताभोवती गुंडाळली, चाप पिसासारखा केला. २००५पासून हे तिन्ही बंद. काडतूस .२२ लाँग रायफल, चाप एक किलोचा, मूठ उघडी. पन्नास मीटरच्या फ्री पिस्तुलाला चापाच्या वजनाची अटच नव्हती, त्याची मूठ हातमोज्यासारखी असे. तो प्रकार २०१६च्या रिओनंतर ऑलिंपिकमधूनच गेला.

मला हा नाका अन्यायाचा वाटत नाही. तो नसता तर स्पर्धा कारागिरांची झाली असती, आणि कारागीर ज्याच्या देशात तो जिंकला असता. पण नाक्यावर एक गोष्ट तपासली जात नाही: हत्यार टिकेल का. २५ जुलै २०२१, टोकियो. एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बंद पडलं. इलेक्ट्रॉनिक चापाचं पिस्तूल, बाजूला दुरुस्तीला न्यावं लागलं. मुंबईचे रोनक पंडित तेव्हा पिस्तूल प्रशिक्षक म्हणून तिथं होते. छर्रा भरायचा दांडा मोडला, असं त्यांनी नंतर सांगितलं. ती परतली तेव्हा ४४ नेम बाकी होते आणि घड्याळात चाळीसहून कमी मिनिटं. ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी दोन गुणांनी गेली. नियमाप्रमाणं दुसरं पिस्तूल घेता येतं. पण त्याची मूठही तितकीच घासलेली, त्याचा चापही तितकाच ओळखीचा असावा लागतो, आणि दोन पिस्तुलं तशी बाळगायची म्हणजे खर्च दुप्पट.

पैशांचा प्रश्न इथं येतो. हिंगोली-वाशिमकडच्या एखाद्या मुलीला हा खेळ खेळायचा असेल तर ती बहुधा कुठल्या तरी क्लबच्या एअर पिस्तुलावर सुरुवात करणार. ४.५ मिलिमीटरच्या आणि वीस जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही; २५ मीटरच्या पिस्तुलाला लागतो. क्लबच्या पिस्तुलाची मूठ पाच-सहा जणांत मिळून एक. कानस लावायला बंदी, आणि ते बरोबरच, कारण उद्या दुसऱ्याचा हात त्यात बसवायचा असतो. डावखुऱ्या मुलीची तर आणखी पंचाईत. अशा मुलीच्या घरच्यांनी मला विचारलं तर मी सांगेन: नवा चाप नको, वजनं नकोत, महागडं पिस्तूल तर आत्ता मुळीच नको. क्लबच्या पिस्तुलाला बसणारी, तिच्या मापाची एक सुटी मूठ घ्या. दोन स्क्रू काढले की जुनी निघते, नवी बसते, सराव संपला की पुन्हा काढायची. ती मूठ तिची. दप्तरात ठेवून घरी नेता येते, सुट्टीत बसून घासता येते, आणि हात वाढला की पुटिंग खरवडून पुन्हा भरता येतं.