‘मेन’ युद्धनौकेचे अवशेष व त्यांचें साधनमूल्य

संग्राहकाच्या हातीं येणाऱ्या जुन्या वस्तूस दोन मूल्यें असतात; एक स्मरणाचें, दुसरें साक्षीचें. हीं दोन्हीं एकच मानल्यानें इतिहासाची किती हानि होते, हें अमेरिकेच्या ‘मेन’ या युद्धनौकेच्या अवशेषांवरून चांगलें दिसून येतें.

१८८३ पासून अमेरिकेनें लांकडी जहाजांच्या जागीं पोलादी आरमार उभारावयास घेतलें. त्यांतील आरंभींच्या मोठ्या नौकांपैकीं ‘मेन’ ही एक होय. १८८६ सालीं तिला मंजुरी मिळाली व १८९५ सालीं ती आरमारांत दाखल झाली. २५ जानेवारी १८९८ रोजीं ती स्पेनच्या ताब्यांतील क्यूबा बेटाच्या हवाना बंदरांत आली. १५ फेब्रुवारीच्या रात्रीं तिच्या पुढील भागांतील दारूखाना उडून ती बुडाली व अडीचशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. चौकशी मंडळानें पाणसुरुंग हें कारण ठरविलें, आणि एप्रिलांत स्पेनशीं युद्ध जुंपलें.

१९११ सालीं नौकेभोंवतीं बांध घालून पाणी उपसण्यांत आलें. दुसऱ्या मंडळानें स्फोटाची जागा बदलली, तरी कारण बाहेरचेंच मानिलें. पुढें १६ मार्च १९१२ रोजीं उरलेला सांगाडा खोल समुद्रांत नेऊन बुडविला. तिची मुख्य डोलकाठी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमींत, तर पुढील डोलकाठी ॲनापोलिसच्या नौदल विद्यालयांत आहे. नौकेंतून काढलेल्या धातूपासून १९१३ सालीं सुमारें एक हजार स्मृतिफलक ओतण्यांत आले. त्यांनीं मृतांचें स्मरण होतें. परंतु स्फोट आंतून झाला कीं बाहेरून, याचें उत्तर वितळलेला धातु देत नाहीं. १८९८ सालीं विकले गेलेले बिल्ले व थाळ्या तर नौकेवर कधीं चढल्याच नव्हत्या. त्यांची साक्ष लोकांच्या संतापापुरतीच आहे.

१९७४ सालीं ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनीं हा प्रश्न पुन्हा हातीं घेतला, तेव्हां तपासावयास नौका उरली नव्हती. उरलें होतें तें मंडळांचें दप्तर, नौकेचे आराखडे व १९११ सालचीं छायाचित्रें. त्यांवरून स्फोट आंतीलच असावा, बहुधा कोळशाच्या कोठींतील आग शेजारच्या दारूखान्यास पोंचली असावी, असा निष्कर्ष निघाला. १९९८ सालच्या नव्या तपासणीनें सुरुंगाची शक्यता मात्र खोडून काढिली नाहीं. वाद मिटला नाहीं हें खरें. पण तो पुराव्यानिशीं चालूं शकतो, तो या कागदांच्याच बळावर.

बखर व अस्सल पत्र यांत आपण जो भेद करितों, तोच येथेंही लागू आहे. सबब अशा नौकेची वस्तु संग्रहीं घेतांना ती कोठून निघाली, कोणीं काढिली व कोणाकोणाच्या हातून आली, याचें टिपण तिच्यासमवेत जतन करावें. टिपण हरवलें, तर वस्तु राहील, पण तिची साक्ष राहणार नाहीं, असें आमचें मत आहे.