नाणेघाटातील दहा हजार एक गाई : शून्याविना चाललेला हिशेब

मोजणी लेखनाहून कितीतरी जुनी आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील लेबोम्बो डोंगररांगेतील एका गुहेत बबून माकडाचे सुमारे ४३,००० वर्षांपूर्वीचे हाड मिळाले. त्यावर २९ खाचा आहेत. काँगोतील इशांगो येथे सापडलेल्या सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या हाडावर तर खाचांचे वेगवेगळे गट दिसतात. या खाचा नेमक्या कशाच्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र एका वस्तूसाठी एक खूण ही रीत लहान संख्यांपुरतीच चालते, हे उघड आहे. कळप, कोठारे आणि करवसुली वाढली की खुणांचे गट पाडावे लागतात आणि त्या गटांना स्वतंत्र चिन्हे द्यावी लागतात. संख्यालेखनाचा आरंभ या गरजेतून झाला.

भारतात वाचता येणारे सर्वांत जुने अंक अशोकाच्या लेखांत, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात आढळतात. कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरी येथील शिलालेखात २५६ ही संख्या आहे. ती लिहिताना दोनशेचे एक, पन्नासाचे एक आणि सहाचे एक अशी तीन चिन्हे ओळीने मांडली आहेत. याच पद्धतीचा मोठा विस्तार पाहायचा असेल, तर महाराष्ट्रातील नाणेघाटाकडे वळावे लागते.

जुन्नरजवळचा नाणेघाट हा कोकणातील बंदरांना दख्खनच्या पठाराशी जोडणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावरील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राजघराण्याचा मोठा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी तो जोडला जातो. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनपूर्व पहिले शतक मानतात; काही अभ्यासक तो आणखी मागे नेतात. राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची ही नोंद आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी अशा दानांचे आकडे त्यात एकामागून एक येतात. १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा पद्धतशीर उलगडा केला.

यांतील एक दान १०,००१ गाईंचे आहे. आज ही संख्या लिहिताना मध्ये तीन शून्ये येतात. नाणेघाटात एकही नाही. हजाराच्या चिन्हाला दहाचे चिन्ह जोडून ‘दहा हजार’ आणि पुढे एकाची आडवी रेघ, एवढ्यात काम भागते. दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण आहेत. तेथे वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन जोडचिन्हे येतात. ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. मराठीत आजही ‘चोवीस हजार चारशे’ म्हणताना शून्य उच्चारले जात नाही. बोलीत संख्या जशी उच्चारली जाते, जवळजवळ तशीच ती त्या भिंतीवर उतरली आहे. अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून नव्हे, तर चिन्हावरूनच ठरत असे. जिथे रिकामे स्थानच नाही, तिथे ते दाखवणाऱ्या शून्याची गरजही नाही.

अशा अंकांच्या काळात हिशेब कच्चा होता, असा समज मात्र चुकीचा ठरेल. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले आणि ते गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज ठरले. म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. हे व्याज वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी देण्याकरिता होते. २० गुणिले १२ म्हणजे २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. उरलेल्या १,००० वर दरमहा शेकडा पाऊण व्याज होते. ठेवीची रक्कम या लेखात आधी शब्दांत आणि मग अंकांत दिली आहे. आजच्या धनादेशावरही तीच दक्षता घेतली जाते.

मग बदल कशासाठी झाला? जुन्या पद्धतीत एक ते नऊ, दहा ते नव्वद, शंभर आणि हजार अशी किमान २० मूळ चिन्हे लागत. स्थानमूल्य पद्धतीत दहाच पुरतात आणि संख्या कितीही मोठी झाली तरी नवे चिन्ह घडवावे लागत नाही. बेरीज-गुणाकारही लिहिलेल्या अंकांवरच करता येतात. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्यासह करावयाच्या क्रियांचे नियम मांडले. ग्वाल्हेरच्या मंदिरातील ८७६ सालच्या लेखात २७० आणि ५० या संख्या शून्यासह कोरलेल्या आहेत.

नाणेघाटाच्या लेखात शून्य शोधू पाहणारे त्याचे खरे मोल हरवून बसतात. शून्य एकाएकी प्रकटले नाही. त्याच्या आधी काही शतके राजे, व्यापारी, विणकर आणि भिक्षू शून्याविना मोठमोठे व्यवहार चोख करत होते. त्या दीर्घ सरावाचा नाणेघाट हा पुरावा आहे. ऊन-पावसाने तो लेख झिजत चालला आहे. त्यातील काही अक्षरे आणि काही आकडे कायमचे गेले आहेत.