दहा राष्ट्राध्यक्षांना प्रश्न विचारणाऱ्या हेलन थॉमस, ज्यांची कारकीर्द एका उत्तराने संपली

व्हाइट हाऊसमध्ये पत्रकार परिषदांसाठी एक छोटी खोली आहे. तिथे ४९ खुर्च्या आहेत आणि कोणती खुर्ची कोणत्या वृत्तसंस्थेची, वर्तमानपत्राची किंवा चॅनेलची हे ठरलेलं असतं. अपवाद होता एकाच खुर्चीचा. २००७ साली खोलीचं नूतनीकरण झालं तेव्हा पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर चक्क एका पत्रकाराचं नाव लावण्यात आलं. ते नाव होतं हेलन थॉमस.

हेलन यांचा जन्म ४ ऑगस्ट १९२० चा, केंटकी राज्यातल्या विंचेस्टर गावातला. आईवडील लेबनॉनमधून आलेले स्थलांतरित. हेलन वाढल्या डेट्रॉइटमध्ये, तिथे वडिलांचं किराणा दुकान होतं. १९४२ मध्ये पदवी घेऊन त्या वॉशिंग्टनला आल्या आणि पुढच्या वर्षी युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत लागल्या. पगार होता आठवड्याला २४ डॉलर.

त्या काळी राजकारणाच्या बातम्या म्हणजे पुरुषांचं काम समजलं जायचं. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये मोठमोठ्या नेत्यांची भाषणं व्हायची, पण महिलांना सदस्यत्व नव्हतं. पुढे भाषण ऐकायची मुभा मिळाली तीही वरच्या गॅलरीतून, आणि तिथून प्रश्न विचारता येत नसे. सदस्यत्वासाठी १९७१ साल उजाडावं लागलं.

१९६१ मध्ये जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि हेलन व्हाइट हाऊसच्या वार्तांकनासाठी गेल्या. तिथल्या पत्रकार संघटनेच्या वार्षिक भोजनालाही महिलांना बंदी होती. १९६२ मध्ये हेलन यांनी थेट केनेडींनाच गळ घातली. महिलांना प्रवेश नसेल तर मीही येणार नाही, अशी भूमिका केनेडींनी घेतली आणि बंदी उठली. १९७५ मध्ये हेलन त्याच संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

१९७२ मध्ये रिचर्ड निक्सन यांच्या ऐतिहासिक चीन दौऱ्यात वृत्तपत्रीय पत्रकारांपैकी त्या एकमेव महिला होत्या. ज्येष्ठ प्रतिनिधी म्हणून परिषदेच्या शेवटी ‘थँक यू, मिस्टर प्रेसिडेंट’ म्हणण्याचा मानही पुढे त्यांच्याकडे आला.

२००० साली त्यांची वृत्तसंस्था धर्मगुरू सन म्युंग मून यांच्या चर्चशी संबंधित कंपनीने विकत घेतली. हेलन यांनी ५७ वर्षांची नोकरी सोडली आणि हर्स्ट समूहासाठी स्तंभलेखन सुरू केलं. वृत्तसंस्थेच्या बातमीत स्वतःचं मत चालत नाही, स्तंभात चालतं. त्यांची मतं आता उघडपणे दिसू लागली. २००३ मध्ये त्यांनी जॉर्ज बुश यांना सर्वांत वाईट राष्ट्राध्यक्ष म्हटलं. त्यानंतर बुश यांनी तीन वर्षं त्यांना प्रश्नच विचारू दिला नाही.

२१ मार्च २००६ रोजी ती संधी मिळाली. युद्धासाठी सांगितलेलं प्रत्येक कारण खोटं ठरलं, मग इराकवर हल्ला करण्याचं खरं कारण काय, असं त्यांनी तोंडावर विचारलं. कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला युद्ध नको असतं, असं सांगत बुश यांनी ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा दाखला दिला.

शेवट मात्र वेगळाच झाला. मे २०१० मध्ये व्हाइट हाऊसच्या आवारात एका रब्बींनी त्यांना इस्रायलबद्दल विचारलं. ज्यूंनी पॅलेस्टाइनमधून निघून जावं, पोलंड, जर्मनी, अमेरिकेत परत जावं, असं हेलन बोलून गेल्या. जिथे लाखो ज्यूंची कत्तल झाली, त्याच देशांत परत जायला सांगणं अनेकांना अमानुष वाटलं. व्हिडिओ इंटरनेटवर वाऱ्यासारखा पसरला. हेलन यांनी खेद व्यक्त केला, पण टीका थांबली नाही. ७ जून २०१० रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

पुढे त्याच वर्षी डेट्रॉइटजवळ त्यांनी आपल्या मतावर ठाम असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांच्याच विद्यापीठाने त्यांच्या नावाचा पुरस्कार बंद केला. पहिल्या रांगेतली ती खुर्ची असोसिएटेड प्रेसला मिळाली. २० जुलै २०१३ रोजी हेलन यांचं निधन झालं.

त्यांच्या त्या विधानाचं समर्थन आजही अनेकांना करता येत नाही. पण व्हाइट हाऊसमध्ये आज महिला पत्रकार पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारतात, त्या वाटेवर हेलन थॉमस यांची पन्नास वर्षं खर्ची पडली आहेत, हेही तितकंच खरं.