चांदीचे हीण नदीच्या पोटात

आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, तासगाव. सांगली जिल्ह्याच्या या दुष्काळी पट्ट्यातील असंख्य कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत. जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करणे हा त्यांचा व्यवसाय. त्यालाच 'गलाई' म्हणतात.

धातू शुद्ध होतो, तेव्हा त्यातील हीण कोठे जाते?

आज गलाईत तेजाब वापरतात. प्राचीन काळी चांदी शुद्ध होई ती शिशाच्या साहाय्याने. अशुद्ध चांदी शिशासह वितळवून तीवर हवेचा झोत सोडला, की शिशाचे भस्म होते, तांब्यासारखे हीण त्यात ओढले जाते आणि निखळ रुपे उरते. शिशाचा काही अंश धुरावाटे उडतो, काही मळीत राहतो. पावसाबरोबर तो ओढ्यात आणि पुढे नदीत उतरतो. तेथे गाळाच्या बारीक कणांना चिकटून तो थराथराने गाडला जातो.

स्पेनमधील रिओ टिंटो नदीच्या मुखाजवळ असे थर सापडले. सर्वांत जुना सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या खाणकामाचा! त्या काळी त्या प्रदेशात लिपी नव्हती. तेथील राजांचीही नावे उरली नाहीत, मग भट्टी फुंकणाऱ्यांची कोठून उरणार? जे विष त्यांच्या श्वासात गेले, तेच तेवढे गाळात टिकले.

रोमची गोष्ट वेगळी. टायबरच्या मुखाशी असलेल्या प्राचीन बंदरातील गाळ तपासून २०१४ मध्ये संशोधकांनी अनुमान काढले, की रोमच्या नळाच्या पाण्यात स्थानिक झऱ्यांपेक्षा १०० पटीपर्यंत शिसे होते. हे शिसे भट्टीचे नव्हे, नळांचे. शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण खाणीगणिक बदलते, म्हणून असा माग काढता येतो.

दख्खनला हा विषय परका नाही. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. कोल्हापूर परिसरात तर शिशाची चांगली जाडजूड नाणी मिळाली आहेत. एवढे शिसे आले कोठून? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' भडोचच्या आयातीत शिसे नोंदवतो. त्याच शतकातला प्लिनी तर ठासून सांगतो, की भारतात शिसे नाहीच. रत्ने व मोती देऊन तो ते घेतो.

प्लिनी येथे चुकला. राजस्थानात दरीबा येथील जुन्या खाणींत लाकडी टेकू सापडले आहेत. रेडिओकार्बन पद्धतीने त्यांचे वय दोन हजार वर्षांहून अधिक ठरले, म्हणजे प्लिनी लिहीत होता त्याआधीच तेथे शिसे-चांदीसाठी डोंगर पोखरला जात होता.