संत्र्यांवरचा कर आणि नागरिकत्वाचे व्याकरण

नोव्हेंबर १९०० मध्ये प्वेर्तो रिकोतील सॅन ह्वान बंदरातून न्यूयॉर्कला संत्री आली. डाउन्स नावाच्या व्यापाऱ्याच्या या मालावर बंदरातील सीमाशुल्क अधिकारी बिडवेल यांनी ६५९ डॉलर ३५ सेंट कर आकारला. व्यापाऱ्याने निषेध नोंदवून तो भरला आणि परताव्यासाठी दावा लावला. रक्कम किरकोळ, प्रश्न मात्र मोठा होता. ही संत्री परदेशातून आली की देशातल्या देशातच फिरली?

या प्रश्नाचे मूळ एका तहात आहे. १० डिसेंबर १८९८ रोजी पॅरिस येथे झालेल्या तहान्वये स्पेनने हे बेट अमेरिकेला दिले. स्पेनमध्ये जन्मलेल्या रहिवाशांना आपले जुने नागरिकत्व राखण्याची मुभा तहात होती. बेटावरच जन्मलेल्यांचे हक्क आणि राजकीय दर्जा मात्र अमेरिकी काँग्रेस ठरवील, एवढेच नवव्या कलमाने सांगितले. १९००च्या फोरेकर कायद्याने त्यांना 'प्वेर्तो रिकोचे नागरिक' म्हटले आणि बेटावरून येणाऱ्या मालावर परदेशी मालाच्या दराच्या १५ टक्के कर बसवला. त्याचे उत्पन्न बेटासाठीच वापरायचे होते, हे नमूद केले पाहिजे. पण आयातकर देशभर एकसारखे असावेत, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. बेट देशात असेल, तर हा कर घटनाबाह्य ठरत होता.

२७ मे १९०१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी कर वैध ठरवला. त्याच दिवशी दुसऱ्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने, तहानंतर हे बेट परदेश राहिलेले नाही, असेही सांगितले होते! न्यायमूर्ती व्हाइट यांनी या विसंगतीची जी तड लावली, तिचा आशय असा: आंतरराष्ट्रीय दृष्टीने बेट परके नाही, परंतु देशांतर्गत अर्थाने ते परकेच आहे, ते अमेरिकेचे आहे, अमेरिकेत नाही. आम्हां भाषेच्या शिक्षकांना येथे थबकावे लागते. षष्ठी आणि सप्तमी या दोन विभक्तींमधल्या फटीत येथे एक अख्खा समाज बसवला गेला. न्यायमूर्ती हार्लन यांनी भिन्नमत नोंदवले. १८९६ मध्ये वंशभेदाला मान्यता देणाऱ्या प्लेसी खटल्यात एकट्याने विरोध करणारे तेच हे हार्लन. आणि त्या निकालाचे लेखक न्यायमूर्ती ब्राउन यांनीच १९०१चा हा निकाल जाहीर केला. हा योगायोग बोलका आहे.

१९०४ मध्ये इसाबेल गोन्सालेस यांच्या खटल्यात न्यायालयाने बेटवासी 'परकीय' नाहीत असे म्हटले. ते नागरिक आहेत की नाहीत, हे सांगायचे टाळले. १९१७च्या जोन्स कायद्याने अमेरिकी नागरिकत्व मिळाले. म्हणजे प्रश्न सुटला, असे वाटेल. पण १९२२ मध्ये बाल्झाक या वृत्तपत्र-संपादकाच्या बदनामीच्या खटल्यात ज्यूरीचा घटनात्मक हक्क बेटावर लागू नाही, असे ठरले. नागरिकत्व माणसाला मिळाले, भूमीला नाही. बेटाच्या नावाचे चुकीचे इंग्रजी स्पेलिंग अधिकृतपणे दुरुस्त व्हायलाही १९३२ साल उजाडावे लागले.

आजही बेटावरील नागरिकांना राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत नाही. तोच माणूस न्यूयॉर्कला राहायला गेला की त्याला मत मिळते. एप्रिल २०२२ मध्ये वाएलो मादेरो खटल्यात, न्यूयॉर्कमध्ये मिळणारे अपंगत्वाचे सरकारी साहाय्य बेटावर राहायला आल्यावर नाकारणे न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवले. मुख्य कारण असे की, बेटावरील रहिवासी बहुतेक संघीय कर, विशेषतः तेथील उत्पन्नावरील संघीय आयकर, भरत नाहीत. न्यायमूर्ती सोटोमायोर यांचे भिन्नमत होते. न्यायमूर्ती गोर्सच निकालाशी सहमत झाले, तरी १९०१ची ती निकालमालिका रद्दबातल व्हावी, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

१९०१ मध्ये बेट 'बाहेरचे' म्हणून कर बसला. २०२२ मध्ये कर नाही म्हणून साहाय्य नाकारले गेले. युक्तिवाद उलटा झाला, उंबरठा तोच राहिला. आणि मुळात कोणता कर लावायचा, कोणता नाही, हे ठरवणाऱ्या सभागृहात या नागरिकांच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्क नाही. कर आणि हक्क यांचा हिशेब मांडताना आम्हांला ही बाजू अधिक महत्त्वाची वाटते. वहीच ज्यांच्या हाती नाही, त्यांच्याकडे जमाखर्चाचा जाब कसा मागायचा?