लंगोट कोण धुणार?

लहान मुलांच्या डायपरचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं, हा खरं तर धुण्याचा इतिहास आहे.

अमेरिकेत १९४६च्या सुमारास मॅरियन डोनोव्हन ही आई ओले लंगोट आणि चादरी धुऊन कंटाळली. तिने बाथरूमचा पडदा कापून लंगोटावरचं वॉटरप्रूफ कव्हर शिवलं. पुढे पॅराशूटचं नायलॉन आलं, सेफ्टी पिनांच्या जागी टिचबटणं आली. १९५१मध्ये पेटंटही मिळालं. चादर वाचली, पण आतला लंगोट धुवावाच लागायचा.

तोही टाळायचं काम १९५६च्या सुमारास प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये सुरू झालं. व्हिक्टर मिल्स हा केमिकल इंजिनिअर नातवंडाचे लंगोट बदलून वैतागला होता. १९६१मध्ये पिओरिया शहरात पॅम्पर्सची चाचणी झाली. एका नगाला १० सेंट लोकांना परवडेनात, म्हणून उत्पादनखर्च उतरवून किंमत सहा सेंटांवर आणली गेली. १९८०च्या दशकात सोडियम पॉलिअॅक्रिलेटची पावडर आली आणि डायपर पातळ झाला.

मग धुणं संपलं का? नाही, त्याचं फक्त कचऱ्यात रूपांतर झालं. घनकचरा नियमांनुसार वापरलेला डायपर नीट गुंडाळून टाकायचा असतो. अनेक घरांतून तो तसाच येतो आणि कचरावेचक बाईच्या हातात उघडतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३मध्ये वापरलेले सॅनिटरी पॅड थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: तुमचा माल, तुम्हीच हाताळून बघा.

आमची मुलगी पाच महिन्यांची झाल्यावर आम्ही कापडी लंगोटांवर आलो. घरात लगेच जुन्या साड्यांच्या मऊ बाळुत्यांच्या आठवणी निघाल्या. त्या आठवणींत बाळुती धुणारी बाई मात्र कुणाला फारशी दिसत नाही. आजीने सहा मुलांची बाळुती हाताने धुतली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

पर्यावरणाचा हिशेबही सरळ नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८च्या अभ्यासात दोन्ही प्रकारांचा कार्बन जवळपास सारखाच निघाला: अडीच वर्षांत डिस्पोजेबल साधारण ५५० किलो, कापडी ५७० किलो. मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा आकडा सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे फायदा कापडात कमी आणि धुण्याच्या पद्धतीत जास्त आहे.

आमच्याकडे एक दिवसाआड मशीन लागतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. रविवारी बायको धुते. पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, तेव्हा रात्री एक डिस्पोजेबल वापरतो, कागदात गुंडाळतो आणि वर लाल पेनाने खूण करतो. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना तो उघडावा लागत नाही.